ऐकू न येणारा खोकला

"सुनेत्राताईंचा खोकला हल्ली ऐकू येत नाही हो. बऱ्या झाल्या ना?" असं सुरैय्यानं लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा चारुदत्त एका हातानं कापडी पिशवी पोटाशी धरून उभा होता आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं चौथ्या मजल्याचं बटण दाबायच्या खटपटीत होता. सुरैय्या शेजारच्या फ्लॅटमधली. मूळची रत्नागिरीची. नवरा कमरुद्दीन दुबईतल्या देऱ्यात सुक्यामेव्याचा धंदा करतो, आणि दोन्ही घरांमधली भिंत इतकी पातळ की यांच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांनी मोजाव्यात. "मी परवाच यांना म्हटलं, पलीकडं ताई आहेत की इंडियाला गेल्या? रात्रीचं अगदी सामसूम. एवढ्या वर्षांची सवय ना, मलाच झोप लागेना," असं म्हणून ती हसली. चारुदत्तही हसला. "हो, हो, बरी आहे आता," तो म्हणाला. चौथा मजला आला, सुरैय्या भाजीच्या पिशव्या सावरत उतरली, आणि चारुदत्त उतरलाच नाही. ती वळून बघायच्या आत दार मिटलं. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली होती, ती त्याला घेऊन खाली गेली.

आता यात दचकण्यासारखं काय होतं? शेजारणीनं बायकोची चौकशी केली, बायको बरी आहे, विषय संपला. पण चारुदत्तला काही केल्या आठवेना की सुनेत्राचा खोकला आपण शेवटचा कधी ऐकला. काल रात्री? नाही. परवा? परवा ती उशिरापर्यंत फोनवर बोलत होती, मोठ्यानं हसलीसुद्धा, आणि हसल्यावर काहीच झालं नव्हतं. वीस वर्षं ती हसली की मागोमाग खोकला यायचा, तिचं हसणं त्याशिवाय पुरंच व्हायचं नाही. घरातला फ्रिज बंद पडला तर आवाज थांबलाय हे चटकन कळत नाही, नुसतं काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं, तसं गेले काही दिवस त्याला वाटत होतं. आणि त्यानं त्याची कारणं दुसरीकडंच शोधली होती. लॅब बंद झाली म्हणून असेल, रिकामपण अंगावर येतंय म्हणून असेल, साठीला आलो म्हणून असेल. स्वतःच्या दुःखाचा हिशेब लावण्यात माणूस मोठा पटाईत. शेजारणीला जे भिंतीपलीकडून ऐकू येत होतं ते याला एका घरात राहून कळलं नाही. लॉबीतून बाहेर पडताना वॉचमननं सलाम केला तोही त्याला दिसला नाही. सिलिकॉन ओएसिसच्या त्या इमारतीमागं वाळूचं मोकळं पार्किंग आहे, तिथं उन्हात त्याची गाडी उभी होती. तो आत बसला, एसी चालू केला, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला. सकाळी देऱ्याहून निघतानाही लावला होता. लहान मूल असावं तसा.

पिशवीत काचेची बरणी होती. बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं, रबरानं घट्ट बांधलेलं. आत ज्वारीचा भरडा, भरड्यात जाळी करून बसलेल्या अळ्या, वर भिंतीला चिकटून करडे पतंग. तांदळात, ज्वारीत होतात तेच, कुठल्याही घरच्या बाईनं पाहिले की डबा उन्हात नेऊन ठेवावा असे. पण हे पतंग म्हणजे नुसती शिदोरी. त्यांच्या अंड्यांवर जगणारी एक माशी होती, सुईच्या टोकावर दोन बसतील एवढी, आणि ती बरणीत टाकलेल्या कागदी पट्टीवर होती. पट्टीवर पतंगांची अंडी चिकटवलेली, अंड्यांच्या पोटात ही माशी वाढत होती. ती बाहेर आली की खजुराच्या बागेत सोडायची, तिथं ती खजुराच्या किडीची अंडी हुडकून त्यांत आपली अंडी घालते, आणि कीड जन्माला यायच्या आधीच संपते. विष नाही, वास नाही, फवारा नाही. चारुदत्तनं सारा जन्म एवढंच केलं होतं. राहुरीला शिकला, काही वर्षं उसाच्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत मित्रकीटकांवर व्याख्यानं देत फिरला, आणि मग उम्म अल कुवैनच्या एका खजूर कंपनीनं बोलावलं म्हणून आला तो आलाच. मराठी मंडळात कुणी ओळख करून दिली की लोक हटकून विचारायचे, "अहो, मग किचनमधल्या झुरळांवर काहीतरी सांगा की." तो म्हणायचा, "मी किडे मारत नाही, वाढवतो." त्यावर सगळे हसायचे, आणि सुनेत्रा मागून म्हणायची, "घरात मुलगी एकच, बाहेर मात्र लाखांचं खटलं." मग खोकायची.

ही माशी साधीसुधी नव्हती. युरोपातून डबीत घालून येणाऱ्या माश्या इथल्या मे महिन्यात दुपारपर्यंतच मरायच्या. ही त्याला सापडली ती एका ओसाड खजूरबागेत, जिथं वर्षानुवर्षं कुणी औषध मारलं नव्हतं, पाणीही दिलं नव्हतं. भर उन्हाळ्यात, पोळणाऱ्या पानाच्या खाली, एका काळ्या पडलेल्या अंड्यातून ती बाहेर आली. भिंगातून ती पाहिली तेव्हा त्यानं सुनेत्राला फोन केला होता, "अगं, जिवंत आहे! या उन्हात!" तिकडून ती म्हणाली होती, "मग मीही आहे की," आणि दोघं हसली होती. तेव्हापासून एक दिवस खंड न पडता त्यानं ती जात सांभाळली. किड्यांना शुक्रवार नसतो, ईद नसते, दिवाळी नसते. रोज सकाळी पतंग गोळा करायचे, अंडी चाळायची, पट्ट्यांना चिकटवायची, माश्यांना द्यायची. एक पिढी चुकली की खलास. वडील गेले तेव्हा तो थेट दहाव्याला पोचला. सासूबाई गेल्या तेव्हा सुनेत्रा एकटीच गेली. लोक म्हणाले, नोकरी कडक आहे बिचाऱ्याची. नोकरी एवढी कडक नव्हती. त्याचंच मन मागं ओढायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात ती राहील यावर त्याचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाच्या हाती ती राहावी असं त्याला वाटतही नव्हतं.

आणि मग कंपनीनं बागा विकल्या. नवा मॅनेजर झैद, सभ्य पोरगा, वडीलधाऱ्याशी बोलावं तसं बोलला. "डॉक्टर, यू आर लाइक माय फादर. पण आता ड्रोन आहेत, पाकिटं येतात रेडीमेड. लॅब कशाला?" चारुदत्त म्हणाला, ही जात बाहेर कुठं मिळत नाही. झैदनं खांद्यावर हात ठेवला. "इन्शाल्ला, युनिव्हर्सिटी घेईल." एका युनिव्हर्सिटीनं उत्तरही पाठवलं, सप्टेंबरनंतर बघू. इथं जुलै चालू होता. सगळे ट्रे मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवायचे ठरले, नियमाप्रमाणे, बाहेर काही सुटू नये म्हणून. चारुदत्तनं स्वतःच्या हातानं ठेवले. पतंग थंडीनं आधी मंद होतात, मग पाय पोटाशी घेतात. त्यानं दार लावलं आणि बाहेर येऊन उन्हात उभा राहिला, आणि रडला, चक्क रडला, आणि जहूरनं दुसरीकडं तोंड फिरवलं. जहूर श्रीवर्धनचा, लॅबमध्ये पहिल्यापासूनचा. त्याच संध्याकाळी त्यानं हळूच सांगितलं, "साहेब, एक बरणी मी बाजूला ठेवलीय." आणि ती देऱ्यातल्या आपल्या खोलीवर नेऊन बंकखाली ठेवली. पण आज सकाळी त्याचा फोन आला. ढेकणांसाठी उद्या खोलीत फवारणी आहे, आणि रूममधली पोरं आधीच बोंबलताहेत. "घेऊन जावा साहेब, माझ्याच्यानं आता होत नाही." म्हणून चारुदत्त उठून देऱ्याला गेला. लेक आभा आता इथं नव्हती, तिच्या खोलीतलं टेबल रिकामंच होतं. सप्टेंबरपर्यंत बरणी तिथं ठेवायची, रोज स्वतः बघायचं, असं त्यानं येताना गाडीत सगळं ठरवून टाकलं होतं. सुनेत्राला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. किड्यांविषयी तिला काय विचारायचं?

बरणीतला एक पतंग फडफडला आणि काचेवर चिमूटभर करडी पूड उमटली. चारुदत्त तिच्याकडं बघत राहिला. पतंगाच्या पंखांवरचे खवले. हाताला लागले की चांदीसारखे चमकतात, पिठापेक्षा हलके, हवेत तरंगत राहतात. लॅबमध्ये त्यांचा थर बसायचा, दिव्यांवर, नळांवर, कानांच्या पाळ्यांवर. आभा लहान असताना तो घरी आला की दारातच त्याच्या गळ्यात पडायची आणि कॉलरवर बोट फिरवून म्हणायची, "बाबा, यू हॅव स्पार्कल्स!" बोट स्वतःच्या गालाला लावायची, मग आईच्या. तिघं हसायची. आणि सुनेत्रा त्याचा शर्ट बाल्कनीत नेऊन झटकायची. रोज संध्याकाळी, कठड्याशी उभी राहून, दोन्ही हातांनी, जोरात. दरवाजा उघडा, वारा आतल्या बाजूचा. झटकून झालं की खोकत आत यायची. "मेली ही दुबईची धूळ," म्हणायची.

दुबईची धूळ! सगळे तेच म्हणत होते. डॉक्टर म्हणाले वाळूची ॲलर्जी, दुसरे म्हणाले एसीची. गालिचा काढला. उदबत्ती बंद केली. बाल्कनीतली तुळस, मोगरा वॉचमनला दिला. दही बंद, केळं बंद, लोणचं बंद. सुनेत्राच्या आईच्या हातची गोधडी होती, लग्नात दिलेली, तिच्यात धूळ बसते म्हणून एका दुपारी तीही खाली कचऱ्याच्या डब्यात गेली, आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती. पुण्याला सुट्टीत गेली की आठवड्यात बरी व्हायची. सगळे म्हणायचे, हवापालट, दुसरं काय. परत आली की पुन्हा खोकला. घरातली प्रत्येक वस्तू संशयावरून बाहेर गेली. एक वस्तू रोज सकाळी आपणहून जायची आणि संध्याकाळी परत यायची, तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. निदान त्याचा तरी नाही.

आणि बाई कोण? कबड्डी खेळणारी. उपनगराच्या संघातून खेळलेली, चढाईला तिचं नाव. लग्न ठरलं तेव्हा मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात चारुदत्तच्या मामांनी गमतीनं विचारलं, "काय गं, दम किती आहे तुझा?" आणि तिनं चहाचा ट्रे खाली ठेवून, पदर खोचून, तिथंच सुरू केलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी." मामांचा चहा पिऊन झाला, कप बशीत पालथा पडला, तरी हिचं चालूच. थांबली तेव्हा चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि जिंकल्याचं हसू. चारुदत्तनं तिथंच होकार दिला होता. इथं आल्यावर पहिल्या थंडीत मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला तिनं पोरांना वाळूत रेघा आखून कबड्डी शिकवली, गुजराती-मल्याळी पोरंसुद्धा येऊन मिळाली. दोन-तीन वर्षांनी ती नुसती पंच झाली. मग तिला शिट्टी फुंकवेना, तर टाळ्या वाजवून खेळ थांबवायची. मग लिंबू-चमचाच्या शर्यतीपाशी खुर्ची टाकून बसायला लागली. मग यायचीच बंद झाली. "कंटाळा येतो हो," म्हणायची. चारुदत्तला खरंच वाटलं होतं की तिला कंटाळा येतो. माणसं वयानुसार बदलतात, असं तो आभाला समजावून सांगायचा. कबड्डीत दम तुटला की माणूस बाद. तिचा दम कुणी तोडला?

अजीजचं दुखणं त्यानं आठवड्यात ओळखलं होतं. तेव्हा सगळं ठाऊक होतं त्याला! लॅबमध्ये नव्यानं लागलेला अजीज दोन जिने चढून आला की धापा टाकायचा, छातीत शीळ वाजायची. चारुदत्तनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी कसं असतं, सुट्टीच्या दिवशी कसं असतं, आणि लगेच त्याची बदली पॅकिंगला करून घेतली. पतंगांच्या खवल्यांनी काहींना दमा होतो, हे या धंद्यातलं पहिलं पान. नवीन माणूस आला की चारुदत्तचं वाक्य ठरलेलं, "आधी मास्क. आणि लांब उभा राहा." पाहुणे आले, शाळेची मुलं आली, मंत्रालयाचे साहेब आले, प्रत्येकाला तेच. स्वतः मास्क लावायचा, एप्रन लॅबमध्येच ठेवायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा. केस कोण धुणार? कॉलर, मोजे, भुवया? त्या लख्ख शास्त्रज्ञाच्या डोक्यात लॅबचं दार म्हणजे सीमा होती, तिच्यापलीकडं किडे नव्हते, फक्त घर होतं. अजीजचा खोकला कामाचा होता, सुनेत्राचा खोकला घरचा. घरच्या गोष्टींना कोण कारणं शोधतं?

मग ते लॉकडाऊन. सगळं बंद झालं तेव्हा त्याला शेतीच्या कामाचा परवाना मिळाला, पण रोज जा-ये शक्य नव्हतं. त्यानं लॅबमध्येच गादी टाकली, जहूरनं बाहेरच्या खोलीत. डाळ-भात शिजवायचे आणि पतंग गोळा करायचे. दीड-दोन महिने. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस, असं तो एकदा कुणाला तरी बोलूनही गेला होता, आणि सुनेत्रा तिथंच बसली होती. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. ती छान दिसायची त्या दिवसांत, गालावर तकाकी आलेली. "तू एकटी असून मजेत दिसतेस," तो म्हणाला होता. तिनं लगेच विषय बदलला होता. तो परत आला ती रात्र मात्र त्याला चांगली आठवत होती. पहाटेपर्यंत ती उशीला टेकून बसून श्वास ओढत होती, आणि दोघांची खात्री झाली की कोव्हिडच. टेस्ट निगेटिव्ह आली. दुसऱ्या दिवसापासून घरात नवे नियम. दारात बादली. आल्याआल्या कपडे बादलीत, माणूस बाथरूममध्ये, डोक्यावरून अंघोळ झाल्याशिवाय कुठं हात लावायचा नाही. त्याचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी. मग "तुमच्या घोरण्यानं झोप लागत नाही," म्हणून ती आभाच्या खोलीत झोपायला लागली. कोव्हिड गेला, नियम राहिले. "मला काय कावळा शिवलाय?" असं तो एकदा चिडून म्हणाला, तेव्हा ती पोट धरून हसली होती, आणि खोकली होती. पण त्याला ते लागलं होतं. बायकोला आपली किळस येते, किड्यांत हात घालणारा नवरा तिला नकोसा झालाय, हे त्यानं मनातल्या मनात पक्कं करून टाकलं. पाच वर्षं तो त्या घरात रुसून राहिला, आणि रुसलोय हे सांगितलंही नाही. संध्याकाळी मुद्दाम उशिरा निघायचा. माश्या तरी त्याला ओळखतात, असं काहीतरी खुळचट स्वतःशी म्हणायचा.

गाडीच्या एसीचं पाणी वाळूत ठिबकत होतं. त्यानं आभाला फोन लावला. ती लंडनला, नुकती ऑफिसला निघालेली. "आभा, आईचा खोकला थांबलाय," तो म्हणाला. पलीकडं ट्रेनचा आवाज, मग तिचा. "आय नो, बाबा. शी टोल्ड मी. इट्स अमेझिंग." त्यानं विचारलं, "कशामुळं, ते माहितीये तुला?" ती म्हणाली, "बाबा, शी फिगर्ड इट आउट इन द लॉकडाऊन. द मॉथ डस्ट." आणि मग, जरा घाबरून, "आय थॉट यू न्यू. बाबा? आय थॉट यू गाइज हॅड टॉक्ड अबाउट इट." तो म्हणाला, "हो, हो, बोललोय आम्ही. तू जा कामाला." फोन ठेवल्यावर त्याला लाज वाटली, इतकी लाज की गाडीच्या आरशातसुद्धा बघवेना.

बरणी शेजारी बेल्टमध्ये बसली होती. त्यानं फडक्यावरून हात फिरवला. ओसाड बागेतली, उन्हाला पुरून उरलेली, लेकीपेक्षा जास्त दिवस हाताखाली वाढलेली. जगात दुसरीकडं कुठंही नाही. सप्टेंबरपर्यंत कुठं ठेवता आली असती का? जहूर नाही म्हणाला. कमरुद्दीनच्या दुकानात? सुक्यामेव्यात पतंग, म्हणजे त्या भल्या माणसाचा सत्यानाश. झैद? त्याच्या लेखी तर ही बरणी आपल्याकडं असणंच चोरी. तो एकेक दार ठोठावून पाहत होता आणि त्याला कळत होतं की आपण दार शोधत नाही, वेळ काढतोय. मग त्यानं गाडी बंद केली. एसीचा आवाज थांबला. काचा वर होत्या त्या वरच ठेवल्या, किल्ली काढली, बाहेर आला आणि दार लावलं. दुपारची बाराची वेळ. बंद गाडीत काही वेळानं काय होतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ही माशी किती तापमानापर्यंत तगते ते त्यानंच शोधून छापलं होतं. तो वळून न बघता इमारतीत गेला.

सुनेत्रा स्वयंपाकघरात ओल्या नारळाच्या करंज्या वळत होती. बादली दारात होतीच, अजून. गेले तीन आठवडे तो लॅबला जात नव्हता तरी तिनं ती हलवली नव्हती. त्यानं कपडे बादलीत टाकले, डोक्यावरून अंघोळ केली, कान धुतले, भुवया धुतल्या, आणि येऊन ओट्यापाशी उभा राहिला. तिनं वर न बघता विचारलं, "पिशवीत काय होतं?"

"कसली पिशवी?"

"सुरैय्याचा फोन आला होता. म्हणाली, भाईसाब पिशवी घेऊन वर आले आणि लिफ्टमधूनच परत खाली गेले, तब्येत ठीक आहे ना."

"बरणी होती," तो म्हणाला. "शेवटची. जहूरकडं ठेवलेली."

तिच्या हातातली पारी तशीच राहिली. "मग कुठंय?"

"गाडीत."

"गाडीत? या उन्हात? अहो, मरतील ना!" ती हात पुसत दाराकडं निघालीसुद्धा, चप्पल शोधायला लागली. "किल्ली कुठंय? द्या इकडं. असे कसे हो तुम्ही, वर नाही का आणायची? आभाच्या खोलीत ठेवू, मी हॉलमध्ये झोपेन. चला, यल्ला."

"सुनेत्रा, थांब," तो म्हणाला. "मीच ठेवलीय. मुद्दाम."

ती दारात थांबली. एका पायात चप्पल. तिनं त्याच्या ओल्या केसांकडं बघितलं. मग चप्पल काढली आणि आत येऊन खुर्चीत बसली. "कधी कळलं?"

"आत्ता. लिफ्टमध्ये." तो म्हणाला. "तुला लॉकडाऊनमध्ये."

"हं."

"पाच वर्षं! का नाही सांगितलंस गं? एका शब्दानं तरी?"

टेबलावर मैदा सांडला होता, तो ती बोटानं एकत्र करत होती. "सांगायला निघाले होते हो. दोनदा. एकदा तर तुमच्या आवडीचं मटण करून बसले होते वाट बघत. तुम्ही आलात आणि सांगायला लागलात, त्या माश्यांची अमुक पिढी झाली, केवढा आनंद झाला होता तुम्हाला. मग मला वाटलं, सांगितलं आणि तुम्ही सोडलं नाहीत तर? 'मास्क लाव, इन्हेलर घे,' एवढंच म्हणालात तर? मग मी कुठं जाणार होते? खोकला परवडला. खोकत माणूस राहू शकतं एका घरात. ते उत्तर ऐकून नसतं राहता आलं मला."

"सोडलं असतं मी," तो म्हणाला. "त्याच दिवशी सोडलं असतं."

सुनेत्रानं हात वर केला, खेळ थांबवायला पंच करतात तसा. "आता नका सांगू. आता सोपं आहे."

ती रागानं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती थकून म्हणाली. आणि चारुदत्तला वाटलं की सांगावं, सोपं नव्हतं गं, आत्ता खाली काय करून आलोय ते बघ. पण ते तिच्यापुढं मांडणं म्हणजे पुन्हा माश्यांचंच कौतुक झालं असतं. आणि आत कुठंतरी त्याला हेही ठाऊक होतं की तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं असतं ते त्यालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. तिनं विचारलं नाही म्हणून तो वाचला होता, आणि वाचल्याचंच त्याला आता असह्य दुःख होत होतं. कढईतलं तेल तापून धुरकटलं. तिनं उठून गॅस बंद केला, नेहमीसारखी खोकेल म्हणून तो थांबला, पण ती खोकली नाही.

"चला," ती म्हणाली. "बघून तर येऊ. एखादी असेल जिवंत. तुम्हीच म्हणता ना, चिवट आहे म्हणून."

लिफ्ट वर गेलेली होती. सुनेत्रा थांबलीच नाही, सरळ जिन्याकडं वळली. चार मजले ती पुढं आणि हा मागं, कठडा धरून धापा टाकत. खालच्या वळणावरून तिची हाक आली, "येताय ना?" आवाज स्वच्छ, एका श्वासातला. अशी धावताना त्यानं तिला आभाच्या जन्मानंतर पाहिली नव्हती. तो पोचला तेव्हा ती गाडीपाशी उन्हात उभी होती, काचेला दोन्ही तळहातांची ओंजळ लावून आत बघत.

त्यानं दार उघडलं. आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली. बरणी बेल्टमध्ये होती तशीच होती. भरड्यावर पतंग पडले होते, पंख मिटून, एकावर एक. पट्टीवर काही हलत नव्हतं. त्यानं खिशातून भिंग काढलं, सवयीनं, पट्टीजवळ नेलं आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग मिटून खिशात ठेवलं.

"एकही नाही?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बरणी घ्यायला हात पुढं केला, "द्या माझ्याकडं, मी धरते, तुम्ही दार लावा." बरणीच्या तोंडाचं फडकं उन्हानं सैल पडलं होतं, आणि कडेवर करडी पूड चमकत होती. चारुदत्त झटकन तिच्या आणि बरणीच्या मध्ये आला.

"नाही, तू नको," तो म्हणाला. "लांब उभी राहा."

हे वाक्य त्यानं जहूरला सांगितलं होतं, अजीजला सांगितलं होतं, शाळेच्या मुलांना, साहेबांना, येईल-जाईल त्याला सांगितलं होतं. सुनेत्रा ऐकून जागच्या जागी थबकली. मग ती दोन पावलं मागं सरली, वाळूत उभी राहिली, आणि तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडायला लागली. चारुदत्त बरणी हातात घेऊन तिच्याकडं बघत होता. त्याला तिच्याजवळ जायचं होतं, पण आधी हात धुवायला हवे होते.